माणसं बसवून माप

“गाडीत बसणार कोण कोण?” महिपतने विचारलं.

महेंद्रने बायकोकडे पाहिलं. बायकोने, म्हणजे रचनाने, गॅरेजच्या पत्र्याकडे पाहिलं. तिच्या मागे तिची आई हौसाबाई उभ्या होत्या, त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या. मधोमध गाडी होती. पिवळी, दोन दारांची, दोन सीटची, बारा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार.

महिपत ठाकुर्लीत गाड्या खाली बसवून द्यायचा. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्या फटीत किती बोटं मावतात, यावर त्याचं सगळं गणित. कंपनीतून गाडी येते चार बोटांवर. कॉलेजातल्या पोरांना एक बोट हवं असतं, आणि मग पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडून पोरं रडत परत येतात. महेंद्र बेचाळीस वर्षांचा होता आणि त्यालाही एकच बोट हवं होतं. पण महिपतचा एक नियम होता. गाडीत रोज जी माणसं बसणार ती समक्ष आणायची, सीटवर बसवायची, आणि मगच स्प्रिंगच्या रिंगा फिरवून गाडी खाली-वर करायची. बायकोच्या वजनाचं तांदळाचं पोतं ठेवू, असं महेंद्रने सुचवून पाहिलं होतं. महिपत म्हणाला, पोतं चालत नाय, पोत्याची कंबर दुखत नाय.

तसा हा नियम महेंद्रच्या पथ्यावरच पडला होता. रचना चार महिने झाले माहेरी, इथेच ठाकुर्लीला येऊन राहिली होती. झालं असं की हौसाबाई चाळीच्या जिन्यावरून पडल्या आणि गुडघा कामातून गेला. रचना म्हणाली, आईला आपल्याकडे घोडबंदर रोडला आणू या, एक खोली रिकामीच पडलीय. महेंद्र म्हणाला, बघू. महेंद्रच्या ‘बघू’चा अर्थ तेरा वर्षांच्या संसारात रचनाला पाठ झाला होता. त्याच आठवड्यात त्याने ही गाडी आणली. भांडणात कुणी ताट सरकवतं, कुणी अबोला धरतं. या पठ्ठ्याने गाडी घेतली. रचनाने खाली येऊन सीटा मोजल्या. फार वेळ लागला नाही. मग तिने वर जाऊन बॅग भरली.

चार महिने रिकाम्या घरात काढून महेंद्रची पुरती जिरली होती, पण कबूल कोण करणार? जाऊन ‘घरी चल’ म्हणायला नाक आडवं येत होतं. म्हणून फोनवर त्याने फक्त मापाचं सांगितलं. अर्धा तास ये, सीटवर बस, बाकी काही नाही. एकदा ती बसली की गाडी थेट घराकडे वळवायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ती येते म्हणाली आणि तो त्या दिवशी ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड बोलला.

आणि आता ती आली होती, आईला घेऊन.

“आई बसेल,” रचना म्हणाली. “मी आहे उभी.”

महिपतने दार उघडलं. हौसाबाईंनी आधी गाडीकडे पाठ केली, मग छताला हात लावला, मग देवाचं नाव घेतलं आणि सीटवर पडल्या. एक पाय आत आला. दुखरा पाय बाहेरच राहिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, बाजाराची पिशवी ठेवावी तसा. रचना मदतीला हलली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. महेंद्र निमूट स्टिअरिंगमागे जाऊन बसला. महिपतने फटीत बोटं घालून पाहिली, आत्ता तीन आहेत म्हणाला, आणि मी सांगेपर्यंत उतरू नका असं बजावून पाना आणायला आत गेला. रचना आईच्या गोळीसाठी पाणी आणायला समोरच्या टपरीवर गेली.

सासू-जावई इतके जवळ कधी बसले नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघांच्या मध्ये नारळ होता. महेंद्र स्पीडोमीटर वाचत बसला. काटा शून्यावर होता.

“जावईबापू,” हौसाबाई समोर बघतच हळू म्हणाल्या, “आणिक लई खाली घ्या गाडी. मला बसायलाच येऊ नये इतकी.”

महेंद्रला वाटलं, टोमणा आहे. त्याने मान वळवली, तर बाईंच्या तोंडावर टोमण्याचं काही नव्हतं.

“म्हणजे पोरीला सांगता येईल, माझा गुडघा काय ह्यात जात न्हाई, तू जा बाई तुझ्या घरी. धड जेवतसुदिक न्हाई ती. मी सांगून दमले, माझं ऐकत न्हाई. गुडघ्याचं तरी ऐकंल.”

महेंद्रला लाज वाटली. साधी, सरळ, कान तापवणारी लाज. चार महिने तो या बाईला आपल्या घरात घुसू बघणारी समजत होता, आणि ही बाई आपल्या हाताने स्वतःला बाहेर काढायला बसली होती.

महिपत पाना घेऊन आला. मागोमाग रचना पाण्याची बाटली घेऊन आली आणि आईच्या बाजूला दाराशी थांबली. महिपत चाकाशी उकिडवा बसला. बोला शेठ, म्हणाला, एक बोट ठेवू का दीड?

“आईंना पाय हाताने उचलायला लागता कामा नये,” महेंद्र म्हणाला. “वर किती जाते ही?”