उपचाराची गरज नाही

"बाबा, सुटलात!" मोबाइलवर रिपोर्ट बघत सून ऋचा म्हणाली. "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण उपचाराची गरज नाही. दवाखान्यातल्या यंत्रानंच ठरवलंय." तिने लगेच पेढे मागवले.

हेमंतरावांना हायसं वाटलं. पेढे घेऊन ते आधी शेजारच्या खांबेट्यांकडे गेले. त्यांनाही गेल्या महिन्यात हाच आजार निघाला होता.

"अगदी तुझ्या गाठीएवढीच गाठ, तशीच सावकाश वाढणारी," हेमंतराव म्हणाले. "पण मला काहीच करायचं नाही!"

खांबेट्यांचा पेढा हातातच राहिला. "मला रेडिएशन घ्यायला लावलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गाठ दहा वर्षांनी त्रास देईल, आणि यंत्राच्या हिशेबानं तुम्ही तोवर असणार आहात."

"अरे, पण तू तर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा!" हेमंतराव बोलून गेले.

रक्ताच्या थेंबावरून यंत्र माणसाचं उरलेलं आयुष्यही मोजत असे. तो आकडा पेशंटला सांगायला मात्र कायद्याने बंदी होती.

"यंत्रंही चुकतात रे," खांबेटे खाली बघत म्हणाले.

हेमंतराव घरी आले. ऋचाने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "घ्या बाबा. शुगरचं पथ्य आजच्या दिवस मोडलं तर चालेल."

त्यांनी दोन पेढे उचलले.

"उद्याही आण," ते म्हणाले.