जिन्यातला लंबक

विज्ञानाच्या बाईंनी मास्तरांना रंगेहाथ पकडलं. कार्यशाळेचे हे जुने मास्तर जिन्याखाली गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशीवरची खडूची रेघ पुसत होते. त्यांच्या डोक्याशेजारून, तीन मजले वरून तारेने टांगलेला लोखंडी गोळा संथपणे जात-येत होता. तपासणीची मंडळी तासाभरात यायची होती.

शाळेत विज्ञान-तंत्रज्ञानाचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता. कार्यशाळेतल्या करवती आणि कानशी हलल्या, त्यांच्या जागी संगणक आले. मास्तरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांचं काय करायचं, हा प्रश्नच होता. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, मुलांना मोजमाप शिकवायला बाईंना एक मोठा लंबक हवाय, तेवढा करा. मंडळींना पसंत पडला तर नव्या वर्गात राहाल, नाहीतर पुस्तकांच्या कोठीत बसा. उभा जन्म लोखंडाशी झटापट केलेल्या माणसाला कोठीत बसवायचं म्हणजे जिवंतपणी अडगळीत टाकण्यासारखंच की. मास्तरांना घास गोड लागेना.

त्यात तो मेला गोळा वाकडा जायला लागला. खडूच्या रेघेवर सोडावा, तर तासाभरात चार बोटं उजवीकडे. मास्तरांच्या अंगाची लाही झाली. त्यांचा ओळंबा आजवर सूतभर चुकला नव्हता. दोराला पीळ असेल म्हणून त्यांनी पोलादी तार लावली. वरचा हुक काढून तार शिकंज्यात आवळली. गोळा लेथवर पुन्हा घासूनपुसून काढला. वारा नको म्हणून जिन्याच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. हाताचा धक्का नको म्हणून गोळा बाजूला दोऱ्याने बांधून ठेवायचा आणि काडी पेटवून दोरा जाळायचा, अशी युक्ती काढली. घरी बायको म्हणाली, आता त्या गोळ्याशीच संसार मांडा. पण एवढं करूनही चार बोटं ती चार बोटंच.

शेवटी मास्तरांनी हात टेकले. मुलांना जे कधी करू दिलं नव्हतं तेच त्यांनी केलं, चूक झाकली. गोळा सरकला की रेघ गुपचूप पुसायची आणि त्याच्याखाली नवी मारायची. बाई दहा मिनिटं येत, मुलांकडून झोके मोजून घेत आणि जात. कोणाला काही कळलं नाही.

आता मास्तर फडकं हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"बाई, माझा हात गेला," ते म्हणाले. "मंडळींसमोर बोलू नका. मी आपणहून कोठीत जातो."

किती दिवस पुसताय, असं बाईंनी विचारलं. मास्तरांनी खिशातून मळकी वही काढून दिली. बारा दिवसांचं सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. रेघ उभी मारून गोळा सोडला, आडवी मारून सोडला, सकाळी सोडला, दुपारी सोडला. दर तासाला सरकला तेवढाच आणि त्याच बाजूला. बाई पानं उलटत गेल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. वीस वर्षं त्यांनी हे पुस्तकातून शिकवलं होतं, परीक्षेत विचारलं होतं. त्याला मोठमोठे घुमट लागतात, आपल्या शाळेत ते कुठलं दिसायला, असंच त्या धरून चालल्या होत्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं धडाधड जिना उतरत आली आणि बाईंचा चेहरा बघून होती तिथे थांबली.

"कोठीचं नाव काढू नका, मास्तर. मंडळींना हे तुम्हीच दाखवायचं," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातात एवढासा दोष असता, तर हे असं दिसलंच नसतं. गोळा पहिल्या दिवसापासून सरळच जातोय. खाली पृथ्वी फिरतेय. आणि ही रेघ, हा जिना, आपण सगळे तिच्याबरोबर फिरतोय."

मग मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. वर जिन्यात एकेका मुलाने कठडा घट्ट धरला.