चौथा स्क्रू

गुरुपादअप्पांनी कॉम्प्युटरच्या झाकणाचा पहिला स्क्रू आवळायला घेतला, आणि पडद्याआड चहाचा कप घेऊन उभी असलेली रुद्राणी जागीच थबकली.

तिचा नवरा वीरेश आत्ताच वडलांना सांगून गेला होता, "अप्पा, नव्या कार्डाची पिन पाचवर ठेवा म्हनली ती." एवढं बोलून त्याने फटफटीला किक मारली आणि तो तेलगावला लग्नाला निघूनही गेला. रुद्राणीने सांगितलं होतं ते नेमकं उलटं. सकाळी स्वयंपाकघरात तिने त्याला दोनदा बजावलं होतं, की पाच नंबर डिस्कच्या कार्डाचा आहे, नव्या नेटवर्क कार्डाची पिन तीनवर ठेवा. शेजारच्या खोलीत अप्पा डोळे मिटून लिंगपूजेला बसले होते, म्हणून तिने आवाज दाबून सांगितलं होतं एवढंच. नवरोजींनी त्यातला पाच तेवढा लक्षात ठेवला.

ही दोन्ही कार्डं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहीत. ज्याने त्याने आपापल्या पिनच्या नंबरच्या वाटेने जायचं, मग भांडण नाही. दोघांना एकच नंबर दिला की एकाचं लिहिणं दुसऱ्याच्यात घुसणार आणि डिस्कवर सगळा केर होणार. लातूरच्या कॉम्प्युटर क्लासात एक अख्खी डिस्क अशी मातीत गेलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती.

आणि या डिस्कवर आत्यांची, म्हणजे तिच्या सासूबाईंची, यादी होती. चौसाळ्याच्या रस्त्यावर अपघात झाला की रक्तासाठी फोन यायचा तो त्यांना, शांतादेवींना. बावीस वर्षांत त्यांनी रक्त देणारी अकराशे माणसं जोडली होती. कोण हाकेसरशी निघतो, कुणाच्या बायकोची आधी समजूत काढावी लागते, कोण सुई बघूनच चक्कर येऊन पडतो, सगळं त्यांनी सांगितलं आणि रुद्राणीने टाईप केलं. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या. फ्लॉपीला बुरशी लागली. गेल्या श्रावणात आत्याही गेल्या. आता ती यादी घराबाहेरच्या त्यांच्याच टेलिफोन बूथमधल्या मशीनवरही दिसावी म्हणून अप्पांनी तार ओढली होती, कार्ड आणलं होतं. त्यांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. पेचकस त्यांच्या हाताला नवा नव्हता.

दुसरा स्क्रू.

घरची रीत अशी, की सून सासऱ्याशी बोलत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, रुद्राणीचा शब्द अप्पांपर्यंत जायचा तो आत्यांच्या तोंडून, आणि अप्पांचा यायचा तोही तसाच. आत्यांमागे ते काम वीरेशकडे आलं. आत्या निरोप पोचवायच्या. वीरेश निरोपाचं काय करायचा, ते आज दिसतच होतं.

रुद्राणीने बांगड्या वाजवल्या. खाकरून बघितलं. कप मुद्दाम बशीवर आपटला. अप्पा मान न वळवता भिंतीला म्हणाले, "च्या आला वाटतं. ऱ्हाऊ द्या तिथंच."

ती धावत मागच्या दाराशी गेली. शेजारच्या सुंदरबाई आल्या असत्या तर त्यांच्या तोंडून तरी सांगता आलं असतं. सुंदरबाईंच्या दाराला कुलूप होतं. परत आली तेव्हा तिसरा स्क्रू बसला होता आणि अप्पा चौथ्याशी झटत होते. त्यांचा हात आज भलताच संथ चालला होता. आवळलेला स्क्रू सैल करून त्यांनी पुन्हा आवळला. धोतराच्या सोग्याने मशीन सुरू करायचं बटण पुसलं. मग बोट बटणावर ठेवलं.

रुद्राणीला आत्यांचाच राग आला. एवढी माणसं आपल्या जिवावर टाकून खुशाल निघून गेल्या. आता बोलावं, तर सासऱ्याच्या तोंडाला लागलेली सून म्हणून उभा गाव नाव ठेवणार. न बोलावं, तर कुठल्या तरी आईचं लेकरू रस्त्यात पडलेलं असणार आणि बूथमधला फोन नुसताच वाजत राहणार.

तिने पडदा सारला.

"मामा, बटन दाबू नका! पाच नंबर डिस्कचा हाय. आत्यांची यादी जाईल!"

अप्पांचं बोट जागच्या जागी थांबलं. मग अप्पांनी पेचकस उचलला आणि जे चार स्क्रू आवळायला एवढा वेळ लागला होता, ते बघता बघता काढून टाकले. झाकण बाजूला केलं.

"हिकडं ये. बघ."

तिने वाकून पाहिलं. नव्या कार्डावरची पिन तीनवर होती.

"ही तर तीनवरच हाय," ती पुटपुटली.

"तू सकाळी वीरेशला सांगत व्हतीस, तवा मी पूजेला बसलतो," अप्पा म्हणाले. "डोळे मिटले व्हते. कान न्हाई."

"मग तुमी कावून बोलला न्हाईत?"

"मी बोललो असतो तर त्यो हुकूम झाला असता. तू मान हलवून आत गेली असतीस."

त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"शांता गेल्यापासून ह्या घरात मला निस्ते निरोप येतेत, माय. मानूस न्हाई. आज तू बोलशील म्हनून एकेक स्क्रू आवळीत बसलो. चौथा आवळला, तवा लई भ्यालो. पाचवा न्हवताच."