पाचवं मिनिट

पडद्यावर नायिकेने पत्र फोडलं आणि बरोबर पाचव्या मिनिटाला नायक पाण्याची मोटर उघडून बसला. कालच्या मालिकेत नवरदेव बसला होता, परवाच्या मालिकेत तर न्यायाधीश.

"काय मेलं रोज तेच तेच," मालनबाई पुटपुटल्या.

घरातल्या सगळ्यांची आवड एकत्र कालवून पडदा रोज नवी मालिका रचायचा. मालनबाईंना प्रेमकथा लागायची. त्यांच्या नवऱ्याचं, हिंदुरावांचं, मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्यांना मोटरी लागायच्या. दवाखान्यात निघताना ते दारातून "येतो गं" म्हणाले होते, ते पडद्याने टिपून ठेवलं होतं. त्याला आता अकरा महिने झाले होते.

लेक उज्ज्वला फोनवर वैतागली. "आई, बाबांचं नाव यादीतून काढायला सांग की त्या पडद्याला. किती दिवस मोटरी बघणारेस?"

मालनबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "हे गेले," त्या म्हणाल्या.

"कधी येतील?" पडद्याने अदबीने विचारलं.

"आता नाही येणार."

"येतो म्हणाले होते."

"आमच्यात तसंच म्हणतात. जातो म्हणत नाहीत." मग भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "वारले ते."

पडद्याने नाव काढलं आणि नवी मालिका लावली. तळ्याकाठी दोघं बोलत बसली होती, मालनबाईंना हवी होती अगदी तशी. त्या मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पाचवं मिनिट आलं, सरलं. ती दोघं आपली बोलतच राहिली.