फुलपाखरांची पेटी

आमच्या आन्दोंग गावात लग्न झालं की सून घरात येते. घराची मालकीण मात्र सासूच्या पेटीची किल्ली कमरेला लागल्यावरच होते. ओकबुनने त्यासाठी वीस वर्षं वाट पाहिली. पेटीला फुलपाखरांच्या आकाराच्या लोखंडी बिजागऱ्या, माशाच्या आकाराचं कुलूप आणि आत मध, रेशीम, सुकवलेली पर्सिमनची गोड फळं. आपण तिला कधी हातसुद्धा लावला नाही, असं ओकबुन सगळ्यांना सांगायची.

अखेर सासूबाईंनी मालकिणीची मोठी खोली तिच्यासाठी सोडली आणि चार नातेवाइकांसमोर किल्ली तिच्या हातात ठेवली. ओकबुनचे डोळे भरून आले. पाहुणे गेल्यावर ती पेटीपाशी बसली, तर किल्ली कुलपात शिरेचना.

"आई, ही लागत नाही हो."

"लागेल कशी? कोंबड्यांच्या खुराड्याची आहे ती. मलाही माझ्या सासूबाईंनी हीच दिली होती."

"मग इतकी वर्षं तुम्ही पेटी उघडायचात कशी?"

"तू उघडायचीस तशीच. बिजागरीची खीळ ओढून."

ओकबुन कानापर्यंत लाल झाली.

"आता लाजू नकोस. मला ती युक्ती जमायला दोन वर्षं लागली, तू पहिल्याच हिवाळ्यात मध पळवलास. तेव्हाच म्हटलं, ही घर सांभाळणार." सासूबाईंनी किल्ली स्वतः तिच्या कमरेला बांधली. "चालताना वाजली पाहिजे. आणि बिजागऱ्यांना आजच तेल दे. वसंतात तुझी सून येतेय, बिचारीकडून पहिल्याच वेळी आवाज व्हायला नको."