राक्षसाचा हात

दोन्ही राक्षसांचे हात वर होते आणि दोघांच्याही हातात धोंडा होता. वच्छलाने एकाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, आणि पुन्हा पहिल्याकडे.

"भाच्यासाठी पायजे ना, बाई? मंग यातलाच घ्या एखादा," नत्थूजी म्हणाले.

पांढुर्ण्याच्या बाजारात पोळ्याला त्यांच्याकडे लाकडी बैल मिळत. यंदा बैल कोपऱ्यात पडून होते. महिनाभर गावात तंबूतला सिनेमा चालला होता आणि त्यातल्या डोंगर उपटणाऱ्या राक्षसाने पोरांना असे झपाटले होते, की बैलांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. नत्थूजींनी वारा ओळखला आणि दोन जातींचे राक्षस मांडले. एक मातीचा पुतळा, डोळे असे रंगवलेले की आत्ता पापणी लवेल. दुसरा सागवानी, त्यांनी स्वतः तासलेला. त्याचे खांदे, कोपरे, गुडघे सायकलच्या आऱ्यांच्या तुकड्यांनी जोडले होते. जसा वाकवाल तसा तो राही.

"रंग नागपूरचा आहे बरं," नत्थूजी म्हणाले. "दोन महिन्यानं नागपूर मुंबईवाल्यायचं होऊन राहिलं, अन् आपण इकडंच, मध्यप्रदेशात. मंग हा राक्षस परदेशी होईन."

केशवराव हसले. त्यांची बायको वच्छला हसली नाही.

तिला इथूनच नदी ओलांडून सावरगावला जायचे होते, भावाकडे. पोळ्याचे खाऊ-खेळणे भाच्याच्या, अनिलच्या, हातावर ठेवायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. उद्या कर, पोळ्याचा दुसरा दिवस. उद्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतील, त्याला झेंडा बांधतील आणि त्या झेंड्यासाठी पांढुर्णा सावरगाववर अन् सावरगाव पांढुर्ण्यावर दगड मारील. वर्षाचे बाकी सगळे दिवस तिचे सासर-माहेर एका पंगतीला जेवत. तिचा भाऊ श्रीकांत याच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. दगड कोणाचा, हे त्या घरात कोणी विचारत नसे.

आणि केशवराव! जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारे, चिमटीत धागा धरून डोळे बारीक करणारे, घरात उंदीरही न मारणारे केशवराव उद्या सकाळी घाटावर असणारच होते. जाऊ नका, असे वच्छलाने सकाळपासून दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा ते चहा मागून मोकळे झाले.

"बिनधोंड्याचा नाही का एखादा?" तिने विचारले.

"शिनेमात धोंडा आहे ना, बाई. धोंडा काढला तं पोरं म्हणतीन, हा राक्षसच नोहे."

"पुतळा घे," केशवराव म्हणाले. "अनिल फळीवर ठेवीन. मोडायची भानगड नाही."

"याचा हात खाली येतच नाही."

"येत नाही म्हणून तं घे म्हणतो. वर आहे, पण कोणाले मारते का? त्या लाकडाच्याचा काय भरोसा? आज खाली, उद्या वर."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानात आले असावे. ते उगाच एक बैल उचलून त्याचे चाक फिरवू लागले.

 त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हीच तर पंचाईत होती. लाकडाचा नेला तर अनिल दारातच त्याचा हात वर करील. मातीचा नेला तर तो रात्रभर भावाच्या उशाशी फळीवर धोंडा उगारून उभा राहील. भावजय म्हणेल, करीच्या आदल्या दिवशी नणंदेने काय आणले पाहा. वच्छलाला भीती वाटत होती, आणि ती कोणासाठी जास्त वाटते हे तिला ठरवता येत नव्हते. भाऊ की नवरा, असा विचार मनात आला की तिला स्वतःचीच लाज वाटे.

तिने लाकडी राक्षस उचलला. त्याचा उगारलेला हात धरून खाली ओढला. सांधा घट्ट होता, करकरला, पण आला. धोंडा गुडघ्यावर टेकला. आता तो ओझे उतरवून बसलेल्या हमालासारखा दिसू लागला.

"हा द्या," ती म्हणाली. "पण हात असाच बांधून द्या. अंगाशी, पक्का."

"बाई, पोरगं पहिले सुतळीच सोडीन."

"त्याले मी सांगीन, करीच्या सांजेपर्यंत सोडायची नाही. त्याच्या बापालेबी तेच सांगीन."

नत्थूजींनी रिळावरची सुतळी ओढली आणि राक्षसाचा हात पोटाशी घेऊन वेढे द्यायला सुरुवात केली. केशवरावांनी बैल खाली ठेवला.

"अन् तुहा भाऊ ऐकन?"

"पाया पडीन, रडीन, दारात बसून राहीन. ऐकल्याबिगर उठणार नाही."

"सारं सावरगाव हासन त्याले."

"हासू द्या."

नत्थूजींनी गाठ मारली. सुतळीचे दुसरे टोक अजून रिळालाच होते. वच्छलाने राक्षस दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याकडे सरळ पाहिले. दुकानात, परक्या माणसासमोर, ती त्यांच्याकडे असे कधी पाहत नसे.

"तिकडचा हात मी बांधून राहिली," ती म्हणाली. "इकडचा कोण बांधीन?"

केशवराव बाहेर बाजाराकडे पाहू लागले. त्यांचा उजवा हात काय करावे ते न कळून सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत होता.

नत्थूजींनी सुतळी कापायला कात्री उचलली होती. ती त्यांनी परत खाली ठेवली.

"सुतळी लय आहे, केशवराव," ते म्हणाले.