डोळे कोण आखतं?

स्वतःची गोष्ट लोकांसमोर कशी सांगावी, हे पेणला दिनानाथ सर दर रविवारी शिकवत. हमरापूरच्या मालूचं घोडं मात्र पहिल्याच वाक्यावर अडलेलं.

“आम्ही गणपतीचे डोळे आखतो...”

“आम्ही म्हणजे कोण? ग्रामसभा? कुंचला किती जणांच्या हातात असतो, बाई?”

“एकाच्या.”

“मग त्याचं नाव घ्या.”

तेच तर अवघड होतं. मूर्तींच्या कारखान्याच्या पाटीवर तिच्या सासऱ्यांचं, गुणाजींचं, नाव होतं, आणि त्यांनीच आखलेले डोळे हवेत म्हणून गिऱ्हाईक वर्षभर आधी मूर्ती सांगून ठेवी.

सरांनी रोह्याला ठेवलेल्या गोष्टींच्या कार्यक्रमात मालू मंचावर गेली, तेव्हा पहिल्या रांगेत गुणाजीच बसले होते. तिने त्यांच्याकडे बघतच सुरुवात केली. “मामांचा हात थरथरतो. दहा वर्षं झाली, आमच्या कारखान्यातले सगळे डोळे पडद्यामागे बसून मी आखते.”

गुणाजी काठी टेकत उठले. सर माईक बंद करायला धावले.

“दहा नाय गो, चौदा,” गुणाजी म्हणाले. “खरं सांगायला उभी राह्यलीस ना? मग माझ्यासाठी चार कापू नको.”